जी भिंत नव्हतीच : वार, थॅलिडोमाइड आणि एका नकाराची गोष्ट

१/ २५ डिसेंबर १९५६. पश्चिम जर्मनीतील आखेनजवळच्या श्टोलबर्ग या गावात नाताळच्या दिवशी एक मूल जन्माला आले. त्याला कान नव्हते. वडील गावातल्याच ग्रुनेन्थाल या औषध कंपनीत नोकरीला होते. कंपनीच्या एका नव्या, अद्याप बाजारात न आलेल्या गोळ्या त्यांनी गरोदर पत्नीसाठी घरी आणल्या होत्या. त्या गोळ्यांचा आणि बाळाच्या कानांचा काही संबंध असेल, हे त्या वेळी कोणाच्याही मनात आले नाही.

२/ मनात न येण्याला कारण होते. आईने घेतलेले औषध आईच्याच शरीरात राहते, गर्भाभोवती निसर्गाने तटबंदी उभारलेली आहे, असा समज त्या काळच्या अनेक डॉक्टरांच्या मनात पक्का होता. हा समज आला कोठून, तो कसा टिकला आणि कोणत्या किमतीला मोडला, याचा हा इतिहास. #थ्रेड

३/ सुरुवात अठराव्या शतकातील लंडनपासून करावी लागते. विल्यम आणि जॉन हे हंटर बंधू शरीररचनाशास्त्रात नावाजलेले. गरोदरपणात मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून त्यांनी वारेचा अभ्यास केला. निष्कर्ष महत्त्वाचा होता : आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोन्ही अभिसरणे स्वतंत्र आहेत. १७७४ मध्ये विल्यम हंटर यांचा गरोदर गर्भाशयावरील भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

४/ निष्कर्ष अचूक होता. त्यावरून पुढे काढले गेलेले अनुमान मात्र चुकले. ‘रक्त मिसळत नाही’ याचा अर्थ हळूहळू ‘काहीच पलीकडे जात नाही’ असा होऊ लागला. वस्तुतः प्राणवायू आणि अन्न पलीकडे जाते म्हणूनच गर्भ जगतो. ज्या वाटेने अन्न जाते त्या वाटेने विषही जाऊ शकेल, ही साधी शंका फार थोड्यांनी विचारली.

५/ ज्यांनी विचारली त्यांना उत्तरही मिळाले होते. १८४७ पासून युरोपात बाळंतवेदना शमवण्यासाठी ईथर आणि क्लोरोफॉर्म वापरले जाऊ लागले. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतले. पुढे १८७० च्या दशकात पॉल झ्वाइफेल या प्रसूतितज्ज्ञाने रासायनिक कसोटी लावून दाखवून दिले की आईला दिलेले क्लोरोफॉर्म बाळापर्यंत पोहोचते. म्हणजे भिंतीला दार आहे, हे थॅलिडोमाइडच्या ८० वर्षे आधी प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते.

६/ तरीही एक प्रश्न उरतो. औषध पोहोचते, पण त्याने अवयव बिघडतात का? जन्मजात व्यंग म्हणजे आनुवंशिक दोष, हीच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रूढ समजूत होती. तिला पहिले तडे प्राण्यांवरील प्रयोगांनी दिले. १९३३ मध्ये टेक्ससमधील फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला गाभण काळात ‘अ’ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिची पिल्ले डोळ्यांविना जन्मली. १९४० नंतर जोसेफ वारकानी यांनी उंदरांवर असेच परिणाम दाखवले. दोष वंशात नव्हता, आईच्या आहारात होता.

७/ माणसातला पुरावा १९४१ मध्ये सिडनीहून आला. नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाकडे एकाएकी मोतीबिंदू घेऊन जन्मलेली अनेक बाळे येऊ लागली. त्यांच्या मातांना विचारता बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेल्याचे कळले. ग्रेग यांनी अशा ७८ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. आईला जेमतेम अंगावर पुरळ आणणारा आजार बाळाची दृष्टी हिरावू शकतो, हे जगाला प्रथमच कळले.

८/ औषधाचा पुरावाही दूर नव्हता. १९५२ मध्ये अ‍ॅमिनोप्टेरिन या फॉलिक आम्लविरोधी औषधाने गर्भपात करण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. जेथे गर्भपात झाला नाही तेथे गर्भात विकृती आढळल्या. थोडक्यात, १९५६ पर्यंत सर्व धागे उपलब्ध होते. पण एक प्रसूतिशास्त्राच्या दप्तरात, दुसरा पशुवैद्यकाच्या, तिसरा नेत्रतज्ज्ञाच्या. ते एकत्र विणणारे कोणी नव्हते.

९/ अशा वेळी, १ ऑक्टोबर १९५७ रोजी, ग्रुनेन्थालने ‘कॉन्टरगान’ बाजारात आणले. घटकद्रव्य : थॅलिडोमाइड. उपयोग : शांत झोप. त्या काळच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त घेतल्या तर माणूस दगावत असे. हे औषध मात्र प्रयोगातील उंदरांना कितीही दिले तरी ते मरत नव्हते. यावरून ते निर्धोक ठरवण्यात आले आणि पश्चिम जर्मनीत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागले.

१०/ गरोदरपणातील मळमळ आणि उलट्यांवरही ते गुणकारी ठरले. १९५८ मध्ये कंपनीने जर्मन डॉक्टरांना पत्रे पाठवून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी त्याची शिफारस केली. ब्रिटनमध्ये डिस्टिलर्स या मद्यनिर्मात्या कंपनीच्या औषध विभागाने ते ‘डिस्टाव्हल’ नावाने विकले. वेगवेगळ्या नावांनी ते ४० हून अधिक देशांत पोहोचले. काही कंपन्या त्या काळीही नवी औषधे गाभण जनावरांना देऊन पाहत असत. थॅलिडोमाइडबाबत ते विक्रीपूर्वी झाले नाही.

११/ येथे थोडे थांबून वारेचे काम समजून घेणे आवश्यक आहे. वार ही गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते आणि तिच्यातून निघालेले बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात. अंकुरांच्या आत गर्भाचे रक्त, बाहेर आईचे. मध्ये पेशींचा पातळ पडदा. हंटर बंधूंचे मेण हा पडदा ओलांडू शकले नाही. पण मेण आणि औषधाचा रेणू यांच्या आकारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

१२/ पडदा कोणाला जाऊ देतो? ढोबळ नियम असा : रेणू लहान असावा, मेदात विरघळणारा असावा आणि त्यावर विद्युतभार नसावा. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा हलके बहुतेक रेणू आपोआप पाझरतात. थॅलिडोमाइडचे वजन केवळ २५८ डाल्टन. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन औषधांची तुलना बोलकी आहे. वॉरफरिन लहान, ते पलीकडे जाते आणि गर्भाला इजा करू शकते. हेपॅरिन मोठे आणि भारित, ते अलीकडेच राहते. म्हणून गरोदर स्त्रीला गरज पडल्यास बहुधा हेपॅरिनची इंजेक्शने दिली जातात.

१३/ पलीकडे गेलेल्या औषधाचे पुढे काय होते? प्रौढ माणसाचे यकृत औषध मोडून निकामी करते. गर्भाचे यकृत अद्याप अपुरे असते. बहुतेक औषध त्याच वाटेने आईकडे परतावे लागते. त्यातच गर्भाचे रक्त आईच्या रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असल्याने काही औषधे पलीकडे गेल्यावर तेथेच अडकून राहतात. पडद्यातील काही प्रथिने नको ते रेणू उलट ढकलतात हेही खरे. म्हणजे वार ही भिंत नव्हे, ती जकातनाका आहे. आणि जकातनाक्यावरून बराच माल बिनबोभाट सुटतो.

१४/ सर्वांत महत्त्वाचा घटक मात्र वेळ. थॅलिडोमाइडचा घातक काळ गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांचा. आधी कान, मग हात, मग पाय, या क्रमाने अवयवांची पायाभरणी होत असते. ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी घडणाऱ्या अवयवावर घाव. एकच गोळीही पुरेशी ठरू शकत असे. पाळी चुकून जेमतेम एक-दोन आठवडे होतात तो हा काळ. अनेकींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसे.

१५/ १९५९-६० पासून जर्मन रुग्णालयांत विलक्षण दृश्य दिसू लागले. हाताची लांब हाडे जवळजवळ नाहीत, पंजा थेट खांद्याला जोडलेला. या व्यंगाला ‘फोकोमेलिया’ म्हणत. ग्रीक भाषेतील सील प्राण्याच्या नावावरून आलेला हा शब्द. हे व्यंग इतके दुर्मीळ की बहुतेक डॉक्टरांनी उभ्या हयातीत एकही उदाहरण पाहिलेले नसे. आता एकेका शहरात अशी बाळे एकामागून एक जन्मत होती. माता स्वतःलाच दोष देत होत्या, घराणी एकमेकांच्या रक्तात दोष शोधत होती.

१६/ दरम्यान, सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेत रिचर्डसन-मेरेल कंपनीने याच औषधाच्या परवानगीसाठी अर्ज केला. नाव : ‘केव्हाडॉन’. अर्ज अन्न व औषध प्रशासनातील एका नवागत अधिकाऱ्याकडे आला. डॉ. फ्रान्सिस ओल्डहॅम केल्सी यांना रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. अर्ज सोपा वाटला म्हणूनच तो नव्या व्यक्तीकडे सोपवला गेला, असे नंतर सांगितले गेले.

१७/ केल्सी मूळच्या कॅनडाच्या. १९३६ मध्ये शिकागो विद्यापीठातील प्रा. गायलिंग यांच्याकडे संशोधनासाठी अर्ज केला, तेव्हा स्वीकृतीचे पत्र ‘श्रीयुत ओल्डहॅम’ या नावाने आले. फ्रान्सिस हे नाव प्राध्यापकांना पुरुषाचे वाटले होते. पुढच्याच वर्षी सल्फानिलामाइडच्या एका द्रवरूप औषधाने अमेरिकेत शंभरहून अधिक बळी घेतले. द्रावक म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल घातलेले होते. ते विष शोधण्याच्या कामात तरुण केल्सी सहभागी होत्या. (हेच रसायन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ रुग्णांचा काळ ठरले. त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली.)

१८/ त्यांचा पुढचा अनुभव या कथेची किल्ली आहे. दुसऱ्या महायुद्धात हिवतापावरील औषधांचा शोध चालू असताना केल्सी आणि त्यांचे भावी पती एलिस केल्सी क्विनीनचा, म्हणजे आपल्याकडच्या कोयनेलचा, अभ्यास करीत होते. प्रौढ सशाचे यकृत क्विनीन झपाट्याने मोडत असे. सशाच्या गर्भाला मात्र ते मोडताच येत नव्हते. गर्भ म्हणजे आकाराने लहान प्रौढ नव्हे, ही गोष्ट केल्सींनी ऐकली नव्हती, परीक्षानळीत पाहिली होती.

१९/ तत्कालीन कायद्याने ६० दिवसांत हरकत न घेतल्यास औषध आपोआप मंजूर होई. केल्सी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना कंपनीची माहिती अपुरी वाटली. बरीचशी प्रशस्तिपत्रे, थोडा पुरावा. त्यांनी अर्ज अपूर्ण म्हणून परत केला. नवी माहिती आली की ६० दिवस पुन्हा सुरू. पुन्हा अपूर्ण, पुन्हा परत. कंपनीचे प्रतिनिधी फोन करीत, भेटायला येत, वरिष्ठांकडे तक्रार करीत. असे सुमारे ५० संपर्क नोंदले गेले.

२०/ फेब्रुवारी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या जुन्या अंकात केल्सींना एक छोटे पत्र दिसले. थॅलिडोमाइड दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येत होत्या, बधिरता येत होती. केल्सींनी पुढचा विचार केला : प्रौढाच्या नसांना इजा करणारे औषध गर्भात महिनोन्‌महिने वावरले तर काय होईल? मे महिन्यात त्यांनी गरोदरपणातील सुरक्षिततेचा पुरावा मागितला. कंपनीकडे तो नव्हता. युरोपातील बाळांविषयी केल्सींना तेव्हा काहीही ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते इतकेच की पुरावा नाही.

२१/ उत्तर दोन टोकांकडून आले. सिडनीतील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी आपल्या रुग्णालयातील व्यंगे आणि हे औषध यांची सांगड घातली. त्यांचे पत्र १६ डिसेंबर १९६१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. हॅम्बुर्गमध्ये बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ घरोघर जाऊन मातांना गरोदरपणातील प्रत्येक गोष्ट विचारत होते. गोळी इतकी मामुली मानली जाई की अनेकींना ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. १५ नोव्हेंबरला लेंझ यांनी कंपनीला फोन करून औषध मागे घेण्यास सांगितले. २६ तारखेला बातमी वृत्तपत्रात झळकली, तेव्हा कोठे माघार झाली. जपानमध्ये तर विक्री पुढे सप्टेंबर १९६२ पर्यंत चालू राहिली.

२२/ जगभरात दहा हजारांहून अधिक बालके बाधित जन्मली असा अंदाज आहे. त्यांतील अनेक जगली नाहीत. अमेरिकेत चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना २५ लाखांवर गोळ्या वाटल्या गेल्या होत्या, तरी अधिकृत नोंद १७ बालकांची. फरक एका नकाराचा होता. ७ ऑगस्ट १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सींना गौरवपदक दिले. १० ऑक्टोबरला केफॉव्हर-हॅरिस कायद्यावर सही झाली. आता औषध सुरक्षित आणि गुणकारी असल्याचे कंपनीने सिद्ध करायचे होते, आणि ‘मौन म्हणजे मंजुरी’ हा नियम संपला.

२३/ उंदीर सुरक्षित का राहिले? याचे उत्तर मिळायला अर्धशतक लागले. २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की थॅलिडोमाइड ‘सेरेब्लॉन’ या प्रथिनाला चिकटते. पुढे २०१८ मध्ये स्पष्ट झाले की त्यामुळे अवयवनिर्मितीला आवश्यक असे ‘सॉल-४’ प्रथिन नष्ट होते. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये नेमक्या जागी एका अमिनो आम्लाचा फरक आहे. सशांत मात्र व्यंगे दिसतात, हे १९६२ मध्येच कळले होते. चाचणी झाली असती, पण केवळ उंदरांवर, तरीही धोका निसटला असता.

२४/ सर्वच इजा जन्मतः दिसत नाहीत. गर्भपात टाळण्यासाठी १९४० च्या दशकापासून डीईएस हे कृत्रिम संप्रेरक दिले जाई. १९५३ मध्ये शिकागोतील अभ्यासाने त्याचा उपयोग नसल्याचे दाखवले, तरी वापर चालूच राहिला. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी उघड केले की त्या मातांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होत आहे. गर्भात लागलेला घाव वीस वर्षांनी वर आला होता.

२५/ आणि भीतीचीही किंमत असते. १९८० च्या दशकात मॅकब्राइड यांनीच मळमळीवरील दुसऱ्या एका औषधामुळे व्यंग येते असा दावा केला. त्यासाठी त्यांनी प्रयोगांचे आकडे बदलल्याचे सिद्ध झाले आणि १९९३ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून त्यांचे नाव कमी झाले. दाव्यांच्या गदारोळात ते औषध अमेरिकेत १९८३ मध्ये बंद पडले होते. पुढे अनेक अभ्यासांत ते निर्धोक आढळले आणि २०१३ मध्ये परतले. मधली तीस वर्षे स्त्रियांनी उलट्या सोसल्या. १९७७ मध्ये तर अमेरिकेने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या औषध-चाचण्यांतून वगळले. ही मार्गदर्शिका १९९३ पर्यंत टिकली. ‘पुरावा नाही’ ही अडचण त्यामुळे सुटली नाही, वाढली.

२६/ थॅलिडोमाइड स्वतःही नामशेष झाले नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममधील जेकब शेस्किन यांना ते कुष्ठरोगातील एका वेदनादायी गुंतागुंतीवर गुणकारी आढळले. आज रक्ताच्या एका कर्करोगावरही ते दिले जाते, गर्भधारणा टाळण्याच्या कडक अटींवर. ब्राझीलमध्ये या अटी सैल पडल्या तेथे व्यंगे असलेली बालके पुन्हा जन्मली. रेणू तोच, वारही तीच. बदलले आहे ते त्यांच्याविषयीचे ज्ञान.

२७/ जर्मनीतील खटला १९६८ मध्ये सुरू झाला आणि १९७० मध्ये १० कोटी मार्कांच्या तडजोडीनंतर निकालाविना थांबला. ग्रुनेन्थालची जाहीर क्षमायाचना २०१२ मध्ये आली. तोवर ती मुले पन्नाशीत पोहोचली होती. केल्सी २०१५ मध्ये १०१ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी कोणताही नवा शोध लावला नव्हता. सशांवरील एक जुने निरीक्षण त्यांनी योग्य वेळी आठवले आणि ज्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, तेथे होकार दिला नाही. (समाप्त)